अन्नछत्राच्या रांगेतून महापालिकेच्या सभागृहात

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात चर्चांनी चालवलेली अन्नछत्रे पूर्वीपासून आहेत. १९९० च्या दशकाच्या आरंभी तिथल्या धर्मगुरूंना या अन्नछत्रांतली एक गोष्ट खटकू लागली. जेवणासाठी रांगेत उभी राहणारी माणसे बेकार, निराधार किंवा व्यसनी असणार, असे आपण सर्वसाधारणपणे धरून चालतो. पण विचारपूस केल्यावर असे आढळले की त्यांतली बरीच माणसे रोज कामावर जाणारी होती. साफसफाईसारखी जी कामे पूर्वी महापालिकेचे कायम नोकर करत असत, ती खासगी कंत्राटदारांकडे गेली होती, आणि कंत्राटदार त्याच कामासाठी सरकारी किमान वेतन देऊन मोकळे होत होते. तेवढ्यात घर चालत नसल्यामुळे कामकरी माणूस महिनाअखेरीला चर्चच्या दारात उभा राहत होता. म्हणजे कंत्राटदाराने वाचवलेला पगार देवाच्या नावाने गोळा झालेल्या दानातून भरून निघत होता, आणि दान देणाऱ्याला आपण पुण्य केले असे वाटत होते.

अन्नछत्र आणखी मोठे करावे आणि देणगीदारांना पुन्हा आवाहन करावे, हा एक मार्ग होता. तो सोपा होता आणि त्यात कोणाचा रोष ओढवत नव्हता. त्या मंडळींनी अन्नछत्र बंद केले नाही, मात्र त्याच्या जोडीला वेगळाच प्रश्न हाती घेतला: महापालिका ज्याला कंत्राट देते, त्याने आपल्या कामगाराला किती पगार द्यावा, हे ठरवण्याचा अधिकार महापालिकेला का नसावा? १९७७ मध्ये मुख्यतः कृष्णवर्णीय चर्चांच्या पुढाकाराने स्थापन झालेली 'बिल्ड' ही संघटना आणि सरकारी नोकरांची एक कामगार संघटना यांनी मिळून हा प्रश्न लावून धरला. १९९४ मध्ये शहराने कायदा केला. त्यानुसार महापालिकेच्या सेवा कंत्राटांवर काम करणाऱ्याला १९९५ पासून ताशी ६.१० डॉलर देणे बंधनकारक झाले आणि हा दर टप्प्याटप्प्याने १९९९ पर्यंत ७.७० डॉलरवर न्यायचे ठरले. त्या वेळी देशाचे किमान वेतन ताशी ४.२५ डॉलर होते. 'निर्वाह वेतन' ही मागणी पुढे अमेरिकेतल्या शंभराहून अधिक शहरांत आणि परगण्यांत गेली, तिचा उगम बहुतेक जण बाल्टिमोरमध्येच मानतात.

मी स्वतः श्रद्धाळू म्हणावा असा माणूस नाही. धर्म आणि सार्वजनिक जीवन एकत्र आले की माझ्या मनात आधी शंका येते, आणि ती अनाठायी आहे असे आजही मला वाटत नाही. तरीही धर्मसंस्थांच्या पायावर उभे राहिलेले हे वस्तीपातळीवरचे संघटन मी गेली बरीच वर्षे कुतूहलाने वाचत आणि समजून घेत आलो आहे. त्यातून माझे एक मत बनले आहे: या कामातला श्रद्धेचा वाटा प्रवचनांत शोधायला गेलो तर फारसा हाती लागत नाही, तो हजेरीत आणि वर्गणीत सापडतो. दर आठवड्याला त्याच जागी, त्याच माणसांसोबत येऊन बसणारी आणि त्या जागेचा खर्च स्वतःच्या खिशातून भागवणारी माणसे गरीब वस्तीत दुसरीकडे कुठे मिळत नाहीत. कारखाना बंद पडतो, कामगार संघटना विरते, राजकीय पक्ष निवडणुकीपुरता उगवतो. प्रार्थनास्थळ मात्र तिथेच असते.

या पद्धतीची सुरुवात शिकागोत झाली. तिथल्या प्रचंड कत्तलखान्यांच्या पाठीमागे 'बॅक ऑफ द यार्ड्‌स' नावाची वस्ती होती. पोलिश, लिथुएनियन, आयरिश, स्लोव्हाक, मेक्सिकन अशा अनेक समाजांची माणसे तिथे राहत होती. बहुतेक सगळी कॅथलिक होती, पण प्रत्येक समाजाचे चर्च वेगळे होते आणि या चर्चांचे एकमेकांशी पटत नव्हते. सॉल अलिन्स्की आणि जोसेफ मीगन यांनी १९३९ मध्ये या सगळ्या चर्चांना, क्लबांना आणि कत्तलखान्यांतल्या कामगार संघटनेला एका परिषदेत आणून बसवले. अलिन्स्की जन्माने ज्यू होते आणि धर्माचे फारसे सोयरसुतक नसलेले होते. परंतु वस्तीत आधीपासून ज्या संस्थांवर लोकांचा विश्वास आहे त्यांनाच एकत्र बांधावे, नवी संस्था शून्यातून उभी करण्याच्या भानगडीत पडू नये, हे त्यांनी नेमके हेरले होते. त्याच वर्षी जुलै महिन्यात शिकागोचे साहाय्यक बिशप बर्नार्ड शील कामगार नेते जॉन एल. लुईस यांच्यासोबत एकाच व्यासपीठावर आले. कामगार संघटना म्हणजे निधर्मी डाव्यांचे काम, अशी हवा असण्याच्या काळात बिशपांनी कत्तलखान्याच्या कामगारांची उघड बाजू घेणे ही किरकोळ गोष्ट नव्हती. कामगारांना संघटना करण्याचा हक्क आहे, असे पोपच्या १८९१ च्या परिपत्रकाने केव्हाच सांगून ठेवले होते. शील यांनी ते कागदावरून व्यासपीठावर आणले एवढेच. पुढच्याच वर्षी अलिन्स्कींनी 'इंडस्ट्रियल एरियाज फाउंडेशन' ही संस्था काढली आणि तिच्यामार्फत हा प्रयोग इतर शहरांत जाऊ लागला.

अलिन्स्कींच्या हयातीत धर्मगुरू या कामात होते खरे, पण पद्धत बरीचशी लढ्यावर बेतलेली होती. प्रश्न पकडायचा, विरोधक ठरवायचा, त्याला बेजार करायचे आणि तडजोडीला आणायचे. संघटक दोन-तीन वर्षे राहून निघून जाई आणि त्याच्या मागे संघटनेचा जोर ओसरे. १९७२ मध्ये अलिन्स्की वारल्यावर संस्थेची सूत्रे एड चेंबर्स यांच्याकडे आली आणि त्यांनी कामाचा गाभाच बदलला. प्रश्न नंतर, नाती आधी, असा क्रम त्यांनी लावला. संघटकाने रोजच्या रोज माणसांना एकेकट्याने भेटावे, अर्धा-पाऊण तास बोलावे, हातात प्रश्नावली धरू नये, कशावरही सही मागू नये. समोरच्या माणसाला कशाची चीड आहे, कशापायी त्याची झोप उडते आणि त्याचे शब्द ऐकून किती माणसे हलतील, एवढे जाणून घ्यावे. ही 'समोरासमोरची भेट' आज अशा बहुतेक संघटनांत कामाचा पाया मानली जाते. ऐकायला ती अगदी साधी वाटते. परंतु मोर्चासाठी माणसे जमवण्याची सवय झालेल्या कार्यकर्त्याला ती सर्वांत जड जाते, कारण भेटीच्या शेवटी दाखवण्यासारखे हातात काहीच येत नाही.

याच काळात या मंडळींचा एक नियम घट्ट झाला, ज्याला ते 'लोखंडी नियम' म्हणतात: जे काम माणूस स्वतः करू शकतो, ते त्याच्यासाठी तुम्ही कधीही करू नका. कॅथलिक सामाजिक शिकवणीतही याला जवळचे एक तत्त्व आहे. लहान समूहाला जे जमते ते मोठ्या सत्तेने हिसकावून घेऊ नये, असे १९३१ च्या पोपच्या परिपत्रकात म्हटले आहे. सेवाभावी कामाची परंपरा असलेल्या धर्मसंस्थांना हा नियम पचवणे कठीण जाते. दुसऱ्यासाठी करण्यातच धर्म आहे असे पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेलेले असते, आणि इथे तर महापौरांसमोर बोलायचे कोणी, याचे उत्तर 'ज्याच्या घरात पाणी शिरले त्याने' असे असते.

पाण्याचे हे उदाहरण मी उगाच घेतलेले नाही. टेक्सास राज्यातल्या सॅन अँटोनिओ शहराच्या पश्चिम आणि दक्षिण भागांत मेक्सिकन वंशाची गरीब वस्ती होती, आणि मोठा पाऊस झाला की तिथले रस्ते ओढ्यासारखे वाहत. याच शहरात वाढलेले अर्नेस्टो कोर्तेस शिकागोत प्रशिक्षण घेऊन १९७३ मध्ये परतले आणि त्यांनी कॅथलिक पॅरिशांतून, म्हणजे एकेका चर्चभोवतीच्या भाविक समुदायांतून, शेकडो माणसांच्या भेटी घेतल्या. राजकारणातल्या नावाजलेल्या मंडळींकडे ते फारसे गेले नाहीत. चर्चची जत्रा कोण भरवते, शाळेच्या पालक मंडळात खरे काम कोण करते, आजारी शेजाऱ्याच्या घरी कोण जाते, याची चौकशी त्यांनी केली, आणि त्यातून जी नावे पुढे आली त्यांत बायकांची नावे मोठ्या संख्येने होती. चर्चच्या जत्रेसाठी माणसे लावणारी, पैशांचा हिशेब ठेवणारी, भांडणे मिटवणारी बाई खरे तर एक संघटना चालवतच असते. तिला त्या नावाने कोणी ओळखत नाही, इतकेच. यातून १९७४ मध्ये 'कॉप्स' ('कम्युनिटीज ऑर्गनाइज्ड फॉर पब्लिक सर्व्हिस') ही संघटना उभी राहिली.

लोकांना काय सलते याचे उत्तर मोठ्या सिद्धांतांत मिळाले नाही, पावसाळी गटारांत मिळाले. त्या उन्हाळ्यात मोठा पाऊस होऊन घरांत पाणी शिरले. संघटनेच्या लोकांनी महापालिकेची जुनी दप्तरे चाळली तेव्हा त्यांना आढळले की आपल्या भागातल्या एका मोठ्या नाल्याच्या कामाला मतदारांनी १९४५ मध्येच मंजुरी दिलेली होती. काम मात्र झालेच नव्हते. जवळजवळ तीस वर्षे हा कागद दप्तरात पडून होता. शेकडो माणसे भर सभेत हा कागद घेऊन उभी राहिली तेव्हा महापौरांनाच तो प्रकार ठाऊक नसल्याचे उघड झाले, आणि त्यांनी प्रशासनाला पैशांची तरतूद शोधून आणायला सांगितले. नोव्हेंबर १९७४ मध्ये साडेचार कोटी डॉलरांहून अधिक रकमेचे कर्जरोखे नाल्यांच्या कामांसाठी मतदारांनी मंजूर केले. या प्रसंगात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते दप्तर चाळणे. आक्रोश कोणालाही करता येतो. सत्तेसमोर तिचाच जुना शब्द ठेवायचा असेल तर मात्र आधी ग्रंथालयात आणि अभिलेखागारात बसावे लागते, आणि अशा संघटनांत हे काम तज्ज्ञांकडे न सोपवता वस्तीतली माणसे स्वतः करतात.

पुढच्या वर्षी शहरातले उद्योजक आणि सावकारी वर्ग आपली दखल घेत नाहीत असे दिसल्यावर 'कॉप्स'ची माणसे शहरातल्या मोठ्या बँकेत गेली आणि खिडक्यांपुढे रांगा लावून नोटांची चिल्लर आणि चिल्लरच्या पुन्हा नोटा करून घेऊ लागली. जवळच्या मोठ्या दुकानात त्यांच्यातल्या बायकांनी कपडे अंगावर घालून पाहायला सुरुवात केली. विकत मात्र काही घेतले नाही. यात बेकायदा असे काहीच नव्हते, पण दोन्हीकडचा व्यवहार ठप्प झाला. ही युक्ती सरळसरळ अलिन्स्कींच्या शाळेतली होती, आणि रविवारी प्रार्थनेला जाणाऱ्या साध्या गृहिणींना ती पहिल्यांदा फार अवघड गेली असणार, यात मला शंका नाही. परंतु त्यानंतर जे घडले ते युक्तीपेक्षा अधिक विचार करण्यासारखे आहे. १९९० मध्ये लीव्हाय स्ट्रॉस कंपनीने या शहरातला आपला कारखाना बंद केला आणि सुमारे हजार जणांचा रोजगार गेला. त्या वेळी 'कॉप्स' आणि तिच्या सोबतच्या 'मेट्रो अलायन्स' या संघटनेने प्रौढांना चांगल्या पगाराच्या कामांसाठी शिकवून तयार करणारा 'प्रोजेक्ट क्वेस्ट' हा उपक्रम उभारला. तो १९९२ मध्ये सुरू झाला, आणि त्याच्या जुळणीत ज्या बँकेच्या खिडक्या अडवल्या होत्या तिच्याच प्रमुखांची साथ मिळाली. कोणी कायमचा मित्र नसतो आणि कोणी कायमचा शत्रू नसतो, हे वाक्य या मंडळींच्या तोंडी नेहमी असते. इथे ते खरे करून दाखवलेले दिसते. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या आणि न निवडलेल्या उमेदवारांची तुलना करणाऱ्या अभ्यासात नऊ वर्षांनंतरही या प्रशिक्षणाचा कमाईवरचा परिणाम टिकून असल्याचे आढळले, आणि रोजगार प्रशिक्षणाच्या क्षेत्रात असे निकाल क्वचित दिसतात.

न्यूयॉर्कमधल्या पूर्व ब्रुकलिनची गोष्ट निराळ्या टोकाने सुरू होते. १९८० च्या सुमारास हा भाग जळक्या आणि पाडलेल्या इमारतींचा, ओसाड भूखंडांचा झाला होता. तिथल्या चर्चांनी एकत्र येऊन सुरुवातीला जे काम घेतले ते क्षुल्लक वाटावे असे होते. रस्त्यांच्या नावांच्या पाट्या जागोजागी गायब होत्या. रुग्णवाहिकेला आणि अग्निशमन दलाला पत्ता सापडत नव्हता. या मंडळींनी चौकाचौकांत फिरून कुठली पाटी नाही याची यादी केली, ती महापालिकेपुढे ठेवली आणि सुमारे ३,००० पाट्या बसवून घेतल्या. किराणा दुकानांत शिळा माल आणि चुकीची वजने आढळत होती, तिथे चर्चची माणसे गटागटाने तपासणीला गेली आणि दुकानदारांकडून सुधारणेचे लेखी कबूल करून घेतले. ज्या माणसाला आयुष्यभर कोणी जुमानले नाही त्याने दुकानदाराकडून एक सही मिळवली की पुढची मागणी करायचे धाडस त्याच्यात येते. हे लहान विजय नसते तर मोठा झाला नसता, असे मला ठामपणे वाटते.

मोठा विजय म्हणजे घरे. बायबलमधल्या नहेम्याने पडलेल्या यरुशलेमेचा तट पुन्हा बांधला. त्याचेच नाव धर्मगुरू जॉनी रे यंगब्लड यांच्या प्रवचनातून या योजनेला मिळाले. निवृत्त बांधकाम व्यावसायिक आय. डी. रॉबिन्स यांचा हिशेब असा होता की मोकळ्या जमिनीवर एकसलग, एकसारखी घरे मोठ्या संख्येने बांधली तर ती कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला हप्त्यांवर विकत घेता येतील. बांधकामासाठीचा बिनव्याजी फिरता निधी कॅथलिक, लुथरन आणि एपिस्कोपल चर्चांनी उभा केला, आणि त्यात लाखो डॉलरांची भर घालणारे ब्रुकलिनचे कॅथलिक बिशप फ्रान्सिस मुगाव्हेरो होते. महापौर एड कॉक यांच्या प्रशासनाने पडीक जमीन दिली आणि प्रत्येक घरामागे १०,००० डॉलरचे बिनव्याजी कर्ज दिले. काम १९८२ मध्ये सुरू झाले. आतापर्यंत अशी हजारो घरे झाली आहेत, आणि हप्ते थकून घर हातचे जाण्याचे प्रमाण तिथे फारच कमी राहिले. पैसा आधी चर्चांनी टेबलावर ठेवला, मग महापालिकेकडे मागितले, हा क्रम लक्षात घेतला पाहिजे. रिकाम्या हाताने मागणाऱ्याला ताटकळत बसवता येते. निम्मा खर्च घेऊन आलेल्या माणसाला नकार देताना महापौरालाही कारण द्यावे लागते.

नहेम्याच्या त्याच पुस्तकाचा पाचवा अध्याय या चळवळीत फार वाचला जातो, आणि मी तो वाचला तेव्हा मला चकित व्हायला झाले. दुष्काळात धान्यासाठी लोकांनी शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण टाकली आहेत, राजाचा कर भरायला कर्ज काढले आहे, मुलेबाळे दास्यात द्यावी लागत आहेत, आणि कर्ज देणारे परके कोणी नसून आपलेच भाऊबंद आहेत. नहेम्या ही तक्रार ऐकून रागावतो, मनाशी विचार करतो, सरदारांना आणि अधिकाऱ्यांना दोष देतो आणि त्यांच्याविरुद्ध मोठी सभा भरवतो. सभेत तो त्यांना शेते, घरे आणि व्याज आजच्या आज परत करायला सांगतो. ते कबूल होतात, तेव्हा तेवढ्यावर विश्वास न ठेवता तो याजकांना बोलावून त्यांच्यासमोर शपथ घ्यायला लावतो. मूळ फ्लोरिडातल्या 'डार्ट' या संघटनाजाळ्यातल्या संघटना वर्षातून एकदा जी मोठी जाहीर सभा घेतात, तिला नहेम्याचेच नाव आहे, आणि सभेची रचनाही तशीच आहे. महापौर, पोलीस प्रमुख किंवा शाळा मंडळाचे सदस्य समोर बसलेले असतात. वस्तीतला माणूस आपली हकिगत सांगतो, दुसरा अभ्यासातून निघालेली मागणी मांडतो, आणि तिसरा विचारतो: तुम्ही हे कराल का, हो की नाही? उत्तराला वेळ ठरलेला असतो. ध्वनिक्षेपक संघटनेच्याच माणसाच्या हातात राहतो, कारण तो पाहुण्याच्या हाती गेला की भाषण सुरू होते. हो म्हटले तर टाळ्या, नाही म्हटले तर शांतता, आणि दोन्हीची सर्वांसमोर नोंद. सभा संपली की लगेच कार्यकर्ते मागे थांबून कोण ठरल्याप्रमाणे बोलले, किती माणसे येणार म्हणाली होती आणि किती आली, याचा हिशेब करतात. कोणत्याही उमेदवाराला पाठिंबा द्यायचा नाही, हे पथ्य मात्र कसोशीने पाळले जाते.

या साऱ्यात सत्ता हा शब्द उघडपणे वापरला जातो आणि भाविक माणसांना त्याची सवय करून द्यावी लागते. 'इंडस्ट्रियल एरियाज फाउंडेशन'च्या प्रदीर्घ प्रशिक्षण शिबिरात प्राचीन ग्रीसमधल्या मेलोस बेटाचा इ. स. पूर्व ४१६ मधला प्रसंग वठवायला दिला जातो. बलाढ्य अथेन्सचे दूत शरण या म्हणतात. मेलोसचे लोक न्याय, देव आणि आशा यांची भाषा बोलतात, तडजोड नाकारतात आणि अखेर नष्ट होतात. धर्मगुरूंना मेलोसची बाजू नैसर्गिकपणे आपली वाटते, आणि न्याय बाजूने असणे पुरेसे नसते ही गोष्ट त्यांना त्या खेळातूनच बोचते. मला हे शिकवणे पटते, थोडी भीतीही वाटते. वाटाघाट शिकलेली मंडळी वाटाघाटीपलीकडचे काही मागायचेच सोडून देतील, हा धोका त्यात आहेच.

पैशाबाबत थोडक्यात एवढेच सांगतो की सदस्य असलेले प्रत्येक चर्च, मशीद किंवा सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) दरवर्षी संघटनेला वर्गणी देते आणि संघटकाचा पगार शक्य तितका त्यातून निघतो. अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांनी १९७० पासून गरिबांच्या अशा संघटनांसाठी स्वतंत्र निधी गोळा करायला सुरुवात केली आणि त्यावर कितीतरी संघटना वाढल्या. पण बाहेरचा निधी देणाऱ्याचे मन फिरले तर काय, ही धास्ती कायम राहते, आणि त्या निधीवरून चर्चच्या आत वेळोवेळी वादही झाले आहेत.

आता शंकांकडे वळतो. पहिली आणि सर्वांत गंभीर शंका याच चळवळीच्या जन्मस्थानी उभी आहे. १९३९ मध्ये गरीब स्थलांतरितांना एकत्र आणणारी 'बॅक ऑफ द यार्ड्‌स'ची परिषद १९५० च्या दशकात इतकी मजबूत झाली की तिने आपल्या वस्तीत कृष्णवर्णीय कुटुंबे येऊ नयेत यासाठी ती ताकद वापरली. अलिन्स्कींना स्वतःला याचा मनस्ताप झाला. परिषद मोडकळीस आली म्हणून हे घडले असते तर समजण्यासारखे होते. ती उत्तम चालत होती, माणसे एकमेकांना धरून होती, आणि नेमके त्याच धरून राहण्यातून बाहेरच्याला दार बंद झाले. हजेरी आणि वर्गणी यांतून येणारी ताकद कोणाच्या बाजूने वापरली जाईल, हे हजेरी आणि वर्गणी सांगत नाही. यावर पुढच्या संघटनांनी काढलेला उपाय असा की एका पंथाची, एका वंशाची किंवा एकाच वस्तीची संघटना करायची नाही. शहरभरातल्या वेगवेगळ्या धर्मांच्या आणि रंगांच्या संस्था सुरुवातीपासून एकत्र घ्यायच्या. हा उपाय पुरेसा आहे की नाही ते शहराशहरावर अवलंबून असते, पण तो नसेल तर धर्माच्या नावाने झालेल्या कोणत्याही संघटनेकडे मी संशयानेच पाहीन.

या उपायाचीही किंमत आहे. कॅथलिक, बॅप्टिस्ट, ज्यू आणि मुसलमान एका टेबलाशी बसवायचे तर ज्यावर त्यांचे एकमत होणार नाही ते विषय टेबलावरून उचलावे लागतात. गर्भपात आणि समलिंगी व्यक्तींचे हक्क हे विषय बहुतेक संघटनांनी असेच बाजूला ठेवले. पगार, घरे, नाले, शाळा, अवाच्या सवा व्याजाची कर्जे यांवर एकी होते. व्याजाविरुद्ध तर ख्रिस्ती, ज्यू आणि इस्लाम या तिन्ही धर्मांची जुनी वचने हाताशी आहेत. परंतु ज्या माणसाचा प्रश्न उचलून बाजूला ठेवला गेला, त्याने ही एकी कशी पाहावी, याचे समाधानकारक उत्तर मला अद्याप कुठे वाचायला मिळालेले नाही. शिवाय धर्मगुरूची बदली झाली आणि नव्या माणसाला हे काम नकोसे वाटले, तर वर्षानुवर्षे तयार झालेले कार्यकर्ते एका सहीनिशी बाहेर पडू शकतात.

लंडनचा अनुभव मला म्हणूनच लक्ष देण्यासारखा वाटतो. तिथे १९९६ मध्ये पूर्व लंडनमधल्या चर्चा, मशिदी, शाळा आणि कामगार संघटना यांची 'टेल्को' ही आघाडी स्थापन झाली. किमान वेतनाच्या दोन-दोन नोकऱ्या करूनही भागत नाही आणि मुलांसाठी वेळ उरत नाही, ही पालकांची तक्रार घरगुती बैठकांतून वर आली, आणि २००१ मध्ये निर्वाह वेतनाची मोहीम सुरू झाली. रुग्णालये आणि कॅनरी वॉर्फ या लंडनच्या वित्तीय भागातल्या बड्या बँका यांच्या इमारती रात्री साफ करणाऱ्या कामगारांपासून तिची सुरुवात झाली. बँकांच्या भागधारकांच्या सभेत सफाई कामगार उठून अध्यक्षांना प्रश्न विचारू लागले, आणि सोबत त्यांचे इमाम, पाद्री आणि नन बसलेल्या असत. २०११ मध्ये या मोहिमेतून निर्वाह वेतनाची कायमस्वरूपी संस्था स्थापन झाली, आणि आज ब्रिटनमधले हजारो मालक स्वेच्छेने तो दर देतात. २०१० च्या सार्वत्रिक निवडणुकीच्या तीन दिवस आधी तिन्ही प्रमुख पक्षांचे नेते, गॉर्डन ब्राउन, डेव्हिड कॅमेरॉन आणि निक क्लेग, या आघाडीच्या सभेत एकामागून एक येऊन उत्तरे देऊन गेले.

मात्र ब्रिटनमध्ये चर्चला जाणाऱ्यांची संख्या घटत चालली आहे, आणि अमेरिकेतल्या जुन्या पंथांचीही तीच अवस्था आहे. जिथे दर आठवड्याची हजेरीच ओसरते तिथे हे संघटन कशावर उभे राहणार, हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा नाही. लंडनने त्याला दिलेले उत्तर म्हणजे शाळा, विद्यापीठे आणि मशिदी यांना चर्चइतकेच स्थान देणे. मशिदींच्या बाबतीत ते जमते, कारण तिथे हजेरीही आहे आणि स्वतःचा पैसाही आहे. शाळांबद्दल मी साशंक आहे. पालक शाळेच्या दारात रोज भेटतात हे खरे, पण शाळेची वर्गणी मुख्यतः सरकारी पैशांतून येते आणि मूल शाळेतून बाहेर पडले की पालकही बाहेर पडतो. सरकारलाच जाब विचारायची वेळ येईल तेव्हा सरकारी अंदाजपत्रकावर चालणारा मुख्याध्यापक चर्चच्या पाद्र्याइतका मोकळेपणाने उभा राहू शकेल का, हे पाहण्यासाठी अजून काही वर्षे जावी लागतील.